घर घ्यावं, खुर्ची घेऊ नये

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठही अंगं एकाच वेळी जमिनीला टेकतील असं वाटत नाही. कागदावर घातला आहे, तो गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला, आणि तो खोकला नेमका कुणामुळे झाला यावरचं त्यांचं भाषण, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. निदान तसं तुला कळवण्यात आलं आहे. कुणी कळवलं ते पुढे येईल. आत्ताच सांगितलं तर तू पत्र टाकून भावोजींना हाका मारत सुटशील आणि त्यांचा खोकला वाढेल.

तू घर शोधते आहेस आणि घेताना काय काय बघावं हे मी सविस्तर लिहून पाठवावं, असं तू फोनवर म्हणालीस. माणूस अगदी योग्य निवडलास. उभा जन्म मी बांधकामाच्या कचेरीत लोकांच्या घरांचे नकाशे काढले. कुणाचा जिना कुठे चढतो, कुणाच्या न्हाणीघराचं दार कुणाच्या तोंडावर उघडतं, हे मला झोपेतसुद्धा सांगता येतं. (स्वतः मात्र निवृत्त होईपर्यंत भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो आणि तिथल्या स्वयंपाकघराचं दार कपाटावर आपटत असे, तो भाग वेगळा.) तेव्हा नीट ऐक. घर दुपारी बघावं. सकाळच्या उन्हात कोंबड्यांचं खुराडंसुद्धा राहण्याजोगं दिसतं. नळ सोडून बघावा, आणि सोडल्या सोडल्या बंद करून दलालाकडे समाधानानं पाहू नये. चांगला वाहू द्यावा, म्हणजे खरी धार कळते. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर त्या भिंतीला ओल आहे असं धरून चालावं. दलाल खोलीत शिरल्यावर कुठे उभा राहतो ते पाहून त्याला गोडीगुलाबीनं बाजूला सरकवावं, कारण तो नेहमी भेगेसमोर उभा राहतो. शेजाऱ्यांना घराबद्दल विचारू नये, पाण्याबद्दल विचारावं. घराबद्दल ते आपणहून सांगतात. हे सगळं मी स्वतः केलं. भेग सापडली, ओल सापडली, नळाची धार चांगली निघाली. आणि तरीही जे बघायला हवं होतं ते खोलीच्या मधोमध चार पायांवर उभं होतं आणि मी त्याला वळसे घालून टेप लावत होतो.

घर तसं सुबक आहे. पुढची खोली, मधली खोली, मागची खोली, तिला लागून स्वयंपाकघर, पुढे चिमूटभर अंगण आणि अंगणाला लोखंडी फाटक. नकाशा काढायला बसलं तर चहा निवायच्या आत पुरा होईल. दोष एकच. मधल्या खोलीतून गेल्याशिवाय कुठूनही कुठेही जाता येत नाही. (हा दोष मी तेव्हाच टिपला होता. पण दलाल म्हणाला, त्यामुळे हवा खेळती राहते, आणि हेच वाक्य मी कचेरीत जन्मभर लोकांना ऐकवत आलो असल्यामुळे मला ते एकदम पटलं.) घराचे मालक चष्म्याचं दुकान चालवून थकलेले एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना आपण चष्मेवाले म्हणू. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा चष्मेवाले पुढच्या खोलीत होते, त्यांच्या पत्नी मागच्या खोलीत होत्या, आणि मधल्या खोलीत एक वेताची खुर्ची होती, रिकामी. चष्मेवाल्यांनी आम्हाला या बसा केलं, मग मधल्या दारात जाऊन त्या खुर्चीला अगदी अदबीनं म्हणाले, मंडळी घर बघायला आली आहेत म्हणावं. थोड्या वेळानं मागच्या दारातून बाई आल्या आणि खुर्चीकडे बघत म्हणाल्या, बघा म्हणावं, पण मोरी ओली आहे. एवढं बोलून परत गेल्या. नवरा-बायकोनं एकमेकांकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

अबोला असणार हे आम्ही लगेच ओळखलं. मूलबाळ नसलेल्या घरात अबोला धरायचा तर निरोप्या आणायचा कुठून? (आपल्याकडे आई-बाबांच्या अबोल्यात तू निरोप्या असायचीस आणि दोन्हीकडून खाऊ उकळायचीस, हे मी विसरलेलो नाही.) परत येताना आम्ही पोट धरधरून हसलो. ही तर वाटेतल्या दिव्याच्या खांबाला म्हणाली, यांना सांग, घर मला आवडलं. खांबानं काही निरोप पोचवला नाही. मी तो माझ्या कानांनी ऐकला. त्या खांबाची आता मला फार आठवण येते.

आता दुसरा सल्ला, आणि हा पदराला गाठ मारून ठेव. विकणारा जे फुकट सोडून जातो ते घेऊ नये. कुणी पडदे सोडून जातं, कुणी पायपुसणं, कुणी बिनझाकणाची बरणी, आणि आपल्याला लॉटरी लागल्यासारखं होतं. मला झालं. किल्ल्या हातात ठेवताना चष्मेवाले म्हणाले, खुर्ची राहू दे इथंच. बसायचं असेल तर खुशाल बसा, फक्त तिच्याशी बोलू नका. (महत्त्वाचं असतं ते माणूस किल्ल्या देतानाच सांगतो, म्हणजे सगळा व्यवहार पुरा झाल्यावर. म्हणून जमलं तर किल्ल्या आधी मागाव्यात आणि घर नंतर बघावं.) मी हसून बरं म्हटलं आणि खुर्चीच्या विणीवरून हात फिरवला. इतक्या जुन्या वेताची बैठक कुठेतरी खचलेली असते. हिची अजिबात खचलेली नव्हती. हातांवरचा वेत मात्र गुळगुळीत झाला होता.

सामानाची गाडी खोळंबली होती, म्हणून दलालानं एका हातानं चष्मेवाल्यांना आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या पत्नीला धरलं आणि घाईघाईनं दोघांना फाटकाबाहेर काढलं. फाटक ओलांडल्याबरोबर बाई थबकल्या, नवऱ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, छत्री घेतलीत का? एवढंच. चष्मेवाले जागच्या जागी ओक्साबोक्शी रडायला लागले. दलाल माझ्या कानात म्हणाला, घर सोडताना सगळ्यांचंच असं होतं. मी समजूतदारपणे मान हलवली आणि फाटकाच्या बिजागरीला तेल हवं आहे याची मनात नोंद केली.

तुझ्या भावजयीला तू ओळखतेसच. टेलिफोन केंद्रात जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देत बसल्यामुळे तिची स्वतःची सगळी बोलणी शिल्लक राहिली, आणि ती शिल्लक माझ्या वाट्याला आली. ही चहा गाळताना बोलते, दात घासताना बोलते, मी पेपर वाचत असलो की पेपराच्या पलीकडून बोलते. मी ऐकत नाही ही तिची तक्रार आणि ऐकायला उसंत मिळत नाही ही माझी. हिचा अबोला कधी चहाच्या पुढे गेला नाही. नव्या घरात मात्र भिंतीवरचं घड्याळ कुठे लावायचं यावरून आमची जुंपली (मी नकाशाला धरून बोलत होतो, ही डोळ्यांना) आणि चहाची वेळ टळून गेली तरी हिनं तोंड उघडलं नाही. संध्याकाळी मधल्या खोलीतून आवाज आला, जेवायला वाढलंय म्हणावं. मी पुढच्या खोलीतून उत्तर दिलं, आलोच म्हणावं. आणि दोघांनाही एकदम हसू फुटलं. भांडण तिथेच मिटलं. खुर्चीची सोय तेवढी राहिली.

सोयच ती. खुर्ची टोमणा मारत नाही, मध्येच तोडत नाही, आवाज का चढवता म्हणून विचारत नाही. एकानं दुसऱ्याच्या खोलीपर्यंत जायला नको. मधल्या दारात येऊन सांगितलं की काम झालं. आमची भांडणं बंद झाली. ती इतकी बंद झाली की शेजारीण कौतुकानं म्हणाली, किती गुण्यागोविंदानं राहता हो तुम्ही. मला चक्क अभिमान वाटला. मग एके दिवशी चहा बिनसाखरेचा आला. डॉक्टरांनी मला साखर सोडायला सांगितली होती हे खरं, पण मी ते हिला सांगितलं नव्हतं. सांगावं की दडवावं अशा विचारात मी मधल्या खोलीतून नुसता चालत गेलो होतो. मी खुर्चीला म्हटलं, साखर घालायची विसरली का म्हणावं. आतून ही खुर्चीला म्हणाली, मघाशीच तर निरोप मिळाला म्हणावं. मी चहा प्यायलो. (बिनसाखरेचा चहा आणि भीती एकाच घोटात पोटात गेली की आधी कुणाची व्यवस्था बघावी ते पोटाला कळत नाही.)

पुढे मलाही निरोप यायला लागले. आवाज वगैरे काही नसतो, ताई. कुणी बोललं असं होतच नाही. सांगून झालं आहे एवढंच आठवतं. दाढी करताकरता मला एकदम ठाऊक असतं की मागच्या खोलीतला दिवा गेला आहे आणि नवा आणायचा आहे. मी नवा घेऊन येतो तर ही स्टूल लावून तयार असते. तिनं मला सांगितलेलं नसतं आणि मी तिला विचारलेलं नसतं. आणि दोघंही मुकाट्यानं दिवा बदलतो.

इथपर्यंत मी निभावून नेलं असतं. पण खुर्ची सगळेच निरोप पोचवते असं नाही. दिवा, दूध, गॅस, झाडू, नळ हे ताबडतोब पोचतं. मध्ये एकदा ही निळा स्वेटर घालून खिडकीत केस विंचरत होती. का कोण जाणे, मला आमचे अगदी सुरुवातीचे दिवस आठवले आणि मी मधल्या दारात जाऊन म्हटलं, निळ्या रंगात छान दिसतेस म्हणावं. ही उठली आणि मोरीतला नळ बंद करून आली. नळ चालू नव्हता. मग मी ठरवलं, मधे कुणी नकोच. सरळ स्वयंपाकघरात गेलो, हिच्या समोर उभा राहिलो आणि तेच बोललो. ती माझ्याकडे बघत होती, पण दुसऱ्या खोलीतून हाक येईल म्हणून कान तिकडे लावून बसावं तसं. मग मला हलकेच बाजूला करून मधल्या खोलीत गेली, खुर्चीसमोर थोडी थांबली, परत आली आणि दिवा लावला. चिठ्ठी लिहून पाहिली. ती तिनं नीट वाचली, मान डोलावली आणि दूध तापत ठेवलं.

उलटंही तसंच आहे. परवा दुपारी ही अंगणात कुंड्यांना पाणी घालत होती. मी खिडकीत होतो. तिचे ओठ हलत होते. वाटलं, काहीतरी गुणगुणत असेल. मग ती वळली आणि माझ्याकडे बघून तेच ओठ भराभर हलायला लागले. ती हातवारे करत होती, मध्येच हसली, मध्येच कपाळाला हात लावला. मला कुंडीतून सांडणारं पाणी ऐकू येत होतं, समोरच्या घरातलं शिवणयंत्र ऐकू येत होतं. हिचा आवाज तेवढा नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात ज्या आवाजापासून मला कधी लपता आलं नाही, तो मला खिडकीत उभं राहून सापडत नव्हता. मी घाबरलो, ताई. अजून घाबरलेलोच आहे.

खुर्ची उचलून बाहेर फेकावी हे तुला एव्हाना सुचलं असेल. मलाही सुचलं. भंगारवाल्याला बोलावलं. मजबूत गडी आहे, समोरच्यांचं लोखंडी कपाट त्यानं एकट्यानं पाठीवर घातलेलं मी पाहिलं आहे. तो मधल्या खोलीत गेला, खुर्चीला हात घालायला वाकला, तसाच थांबला आणि बरं, राहू दे मग, असं कुणाला तरी अदबीनं म्हणून चालू लागला. मी त्याच्यामागे फाटकापर्यंत धावलो. राहू दे म्हणून कोण म्हणालं तुला? तो माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत म्हणाला, तुम्हीच की. मग मी स्वतः गेलो. खुर्ची सहज उचलली गेली, ती काही खिळलेली नाही, उलट अगदी हलकी आहे. पण दारापर्यंत आलो आणि मला आठवलं की खुर्ची जागच्या जागी ठेवा म्हणून हिनं बजावलं आहे. मी परत जाऊन ठेवली. हिनं काहीच बजावलं नव्हतं, हे मला ठेवून झाल्यावर कळलं.

मग घरच विकायला काढलं. दलालाला सांगून आलो, गिऱ्हाईक एक फिरकलं नाही. विचारायला गेलो तर दलालच माझ्यावर वैतागला, विक्री रद्द म्हणून निरोप तुम्हीच पाठवायचा आणि वर तुम्हीच विचारायला यायचं? घरात मोबाइलला रेंज फक्त मधल्या खोलीत येते, खुर्चीच्या शेजारी. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तुला फोन लावला. आठवतो ना? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, अरे, मघाशीच तर सगळं कळलं, मजेत आहात, ऐकून बरं वाटलं, आता घराबद्दलचा सल्ला तेवढा लिहून पाठव. आणि ठेवून दिलास. मघाशी तुझ्याशी मी बोललो नव्हतो. हिला विचारायची सोय नाही, पण तीही बोलली नसणार, कारण ती बोलली असती तर तू अजून फोनवरच असतीस.

शेवटी चष्मेवाल्यांचा पत्ता काढून त्यांच्याकडे गेलो. एवढीशी भाड्याची जागा, आणि पायरीवर बसून नवरा-बायको एकाच वेळी बोलत होते. कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं आणि दोघांचेही चेहरे असे फुललेले की बघत राहावं. मी विचारलं, आम्हाला आधी सांगितलं का नाहीत? चष्मेवाले म्हणाले, सांगितलं की, किल्ल्या देताना. बाई मात्र हळहळल्या. त्या म्हणाल्या, ती खुर्ची काय करते ते आम्हालाही फार उशिरा कळलं हो. दोघं एकदम फाटकाबाहेर आलात तरच एकमेकांचं ऐकू येईल. एकेकट्यानं बाहेर जाऊन उपयोग नाही, आणि एकमेकांना बोलावता तर येणार नाही. आम्हाला त्या दलालानं ओढून बाहेर काढलं म्हणून. मी निघालो तेव्हा त्या चष्मेवाल्यांना सांगत होत्या की यांना फाटकापर्यंत सोडून या, आणि चष्मेवाले म्हणत होते की इथे फाटक कुठे आहे. मी त्या वादाकडे आशाळभूतासारखा बघत उभा राहिलो.

घरी आल्याबरोबर हिचा हात धरून ओढत निघालो. पण स्वयंपाकघरातून फाटकाकडे जायचं म्हणजे मधल्या खोलीतून जायचं. (नकाशातला दोष, मी टिपला होता.) ती खोली ओलांडता ओलांडता दोघांपैकी एकाला काहीतरी आठवतंच. गॅस चालू आहे. मागचं दार उघडं आहे. हात सुटतो. आता मी रोज संध्याकाळी फाटकाबाहेर जाऊन उभा राहतो, न जाणो कधी आपसूक येईल. ती येत नाही. मी भाजी आणायला गेलो आहे असं तिला कळलेलं असतं, कारण मी परत येतो तेव्हा ती पिशवी घ्यायला हात पुढे करते. परवा मी खरंच भाजी घेऊन आलो, तिचा हात रिकामा परत जाऊ नये म्हणून.

तेव्हा घर घेताना काय बघावं, याचं माझं शेवटचं आणि एकमेव उत्तर असं आहे. भिंती बघू नका. विकणारी माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते बघा. आणि पसंत पडलं तर त्या घराच्या अगदी मधोमध उभं राहून तू आणि भावोजी कडाकडा भांडा. विषय सुचणार नाही असं नाही, खोकला आहेच. एकमेकांचा शब्दन्‌शब्द ऐकू आला आणि चांगला झोंबला तर घर बिनघोर घ्यावं. दलाल काय म्हणेल याची फिकीर करू नये.

इथे थांबतो. तुझा पत्ता मला जन्मात कधी पाठ झाला नाही, पाकिटावर नेहमी हीच घालते. हे पत्र तिच्यासाठी साखरेच्या डब्याखाली ठेवतो. (साखर बंद झाल्यापासून तो डबा खुर्चीच्याही लक्षात नसेल असा माझा अंदाज आहे.) पत्ता घालायला सांगणं हे घरकामात मोडतं, तेवढा निरोप पोचेल. भावोजींना माझा नमस्कार, आणि थोरामोठ्यांना, लहानसहानांना जे जे म्हणायचं असतं ते सगळं मी म्हणालो असं समज.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. – घराचा सल्ला हे निमित्त. खरं मागणं हे आहे की तू ये. आत पाऊल टाकू नकोस, कुणी चहाला बोलावलं तरी नाही. फाटकाबाहेर उभी राहा आणि आम्हा दोघांना एकदम हाक मार. लहानपणी दिवेलागणीला मला हाक मारायचीस ना, गल्लीतली सगळी पोरं दचकून आपापल्या घरी पळायची, तशी. तुझी हाक मधल्या मधे कुणी अडवली आहे असं मला तरी आठवत नाही. आणि मी बाहेर आलो आणि ही आली नाही, तर तिला एवढंच सांग, तुझ्या तोंडानं, की मला ऐकू येत नाही, पण मी ऐकतो आहे.

ता. क. – वन्सं, ही मी, तुमची भावजय. पाकिटावर पत्ता घालायचा निरोप मिळाला म्हणून पत्र हातात आलं. वाचू नये, पण वाचलं. इतकी पानं भरली आहेत यांनी आणि सगळी नुसती मोजमापं. पुढच्या खोलीची लांबी, मधल्या खोलीची रुंदी, खिडकी जमिनीपासून किती वर. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आकडेच. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. जन्मभर नकाशे काढलेला माणूस, दुसरं काय लिहिणार म्हणा. पण वन्सं, तुम्ही यांना सांगा की मी बोलते आहे. उठल्यापासून झोपेपर्यंत बोलते. हे आधीही ऐकत नव्हते, पण पेपराआडून निदान हं म्हणायचे. तो हं मला हवा आहे हो. आधीच्या मालकीणबाई फाटक ओलांडल्यावरच नवऱ्याशी बोलल्या होत्या, म्हणून मी रोज सकाळी फाटकाबाहेर जाऊन वाट बघते आणि हे अजून उठले नाहीत असं कळतं, म्हणून परत येते. तुम्ही या आणि यांनी इतकदा सांगितलेली तुमची ती लहानपणची हाक मारा, मी धावत येईन. कागदावर पाणी पडलं आहे, कसलं ते विचारू नका. ऊन मधल्या खोलीतच येतं, म्हणून वाळेपर्यंत पत्र खुर्चीवर ठेवते आणि मग पाकिटात घालते.

ता. क. – वरील दोन्ही निरोप मिळाले. ते पोचते करण्यात येतील, आपण तसदी घेऊ नये. हाक मारण्याची गरज नाही. आपण घराच्या शोधात आहात असं कळलं, तरी हे घर एकदा जरूर पाहावं. आणखी एका जोडप्याची सोय सहज होईल. हवा खेळती आहे, नळाला धार चांगली आहे. दुपारी यावं. फाटकाबाहेर उभं न राहता सरळ आत यावं, आणि भावोजींना बरोबर आणावं. बसायला खुर्ची आहे.